बारवेबाहेरचा दगड

पाचवीच्या मुलांना तुम्ही बारवेवर नेणार आहात, असं मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. न्या. मी अडवणार नाही. मुलांनी आपल्या गावाचा इतिहास दगडाला हात लावून शिकावा, हे मी आजही मानते. फक्त एक करा. रस्त्यापासून बारवेपर्यंत मुलांची रांग उजव्या कडेनं न्या. मधली वाट मोकळी ठेवा. तिथे कोणी रेंगाळायचं नाही, फोटोसाठी उभं राहायचं नाही.

का, ते सांगते. बसा. तास सुरू व्हायला अजून वेळ आहे.

गेल्या वर्षी याच दिवसांत, फेब्रुवारीच्या शेवटी, मी पालकांची संमतीपत्रं गोळा करत होते. नोकरीचं माझं दुसरं वर्ष. इतिहासात एम.ए. केलेलं, डोकं कल्पनांनी भरलेलं, आणि सगळं आजच्या आज व्हायला हवं असा स्वभाव. मुलं शनिवारवाड्याच्या दरवाज्यांची नावं पाठ म्हणायची. पण आपल्या सावरवाडीला बारव कोणी बांधली, का बांधली, हे एकालाही माहीत नव्हतं. विश्रांतवाडीच्या पुढचं हे गाव महापालिकेत आलं, शेतांवर टॉवर उभे राहिले, आणि बारव रिक्षास्टँडच्या मागे तशीच राहून गेली. आत कोनाड्यात देवी आहे म्हणून ती बुजवली नाही, एवढंच.

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं होतं: 'समाज म्हणजे एका पाणवठ्यावर येणारी माणसं.' वाक्य माझंच होतं आणि मला फार आवडलं होतं. मागच्या बाकावरून तेजसनं हात वर केला.

"मॅडम, मग तो बाहेरचा दगड कशाला आहे?"

"कुठला दगड?"

"बारवेच्या बाहेर, कठड्याखाली. माझे आजोबा त्याच्यावर कधी बसत नाहीत. मलापण बसू देत नाहीत. पाय दुखले तरी."

त्याच संध्याकाळी मी तेजसच्या आजोबांना भेटायला बुद्धविहारात गेले. दशरथकाका दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले. विहारातलं छोटं वाचनालय तेच चालवतात. पुस्तकाला कव्हर घालता घालता त्यांनी सांगितलं. छप्पन्न सालच्या दीक्षेच्या आधीची गोष्ट. त्यांच्या लोकांना बारवेत उतरायची बंदी होती. घागर घेऊन त्या दगडावर बसायचं. आतून कोणी पाणी आणेल आणि कठड्यावरून ओतेल. आधी ओंजळीत, मग घागरीत. ओतायचं काम गावातल्या एकाच घराकडे होतं, आप्पासाहेबांच्या. त्यांच्या घरात त्याला मान म्हणत.

"आणि किती वेळ बसायचं?" मी विचारलं.

"ओतणाऱ्याला सवड होईपर्यंत. मध्ये उठलं की नंबर गेला." त्यांनी कव्हरची घडी नखानं दाबली. "पुढचं सांगू?"

"काका, पुढचं तुम्ही मुलांनाच सांगा ना, तिथे बारवेवर. थोडक्यात."

"ते थोडक्यात होत नाही," ते म्हणाले. मी तेव्हा घड्याळाकडे पाहत होते आणि ते त्यांनी पाहिलं होतं.

घरी जाईपर्यंत माझं नाटक तयार झालं. नुसतं सांगून काय होणार? मुलांनी ते अनुभवायला हवं. ओतणारा होईल तेजस. आणि दगडावर बसेल वैष्णवी, आप्पासाहेबांची नात. उलटापालट. मला स्वतःचं कौतुक वाटलं. आप्पासाहेब म्हणजे गावचे जुने सरपंच. त्यांच्या घरच्या संमतीपत्रावर मी 'ऐतिहासिक स्थळाला भेट' एवढंच लिहिलं. नाटकाचं लिहिलं नाही.

दुपारी दोनला आम्ही निघालो. चौतीस मुलं. ऊन असं की रिक्षावाले टपाखाली पाय वर घेऊन झोपले होते. बारवेत उतरलो तेव्हा मात्र थंड ओलसर वास आला, शेवाळाचा आणि वटवाघळांचा. मुलांचा गोंगाट आपोआप खाली आला. मी पायऱ्या, कोनाडे, मोटेची जागा दाखवली आणि वर येऊन नाटक सुरू केलं.

दगड तुम्ही पाहाल. चौरंगाएवढा, सपाट, आणि मधोमध एक उथळ गोल खळगा. घागरींच्या बुडांनी झिजलेला.

वैष्णवी म्हणजे एक मिनिट गप्प न बसणारी मुलगी. तिनं ऐटीत बसकण मारली, ओंजळ पुढे धरली आणि विचारलं, "मॅडम, किती वेळ बसायचं?"

"पाणी मिळेपर्यंत."

"आणि नाहीच मिळालं तर?"

मुलं हसली. मीही हसले. म्हटलं, "मग थांबायचं. उठायचं नाही."

कठड्यावरून तेजसनं त्याचं वाक्य म्हटलं, "थांब, येतो!" ते वाक्य मी लिहिलेलं. मग तो शाळेची पितळी कळशी घेऊन खाली उतरला, नळाच्या पाण्याची छोटी टाकी मी आतच ठेवली होती तिथे. इकडे, माझ्या आग्रहामुळे आलेल्या दशरथकाकांनी बोलायला सुरुवात केली. "मुलांनो, माझ्या वडिलांची एक मोठी बहीण होती..." आणि माझा फोन वाजला. मुख्याध्यापिका बाई. केंद्रप्रमुख अचानक तपासणीला आले होते, पाचवीचा वर्ग रिकामा पाहून चिडले होते.

"चला, चला! उरलेलं वर्गात," मी टाळ्या वाजवल्या. "काका, सॉरी हं, खरंच सॉरी." तेजस भरलेली कळशी घेऊन पायऱ्या चढून आला होता. "मॅडम, ओतू का?" "राहू दे रे, ठेव ती खाली." मुलं जोडीनं उभी राहिली. मोजली तर तेहेतीस. वैष्णवी दगडावरच होती.

"मॅडम, अजून पाणी नाही घातलं."

"वर्गात घालू. ऊठ."

ती उठली नाही. शेवटी मी तिला दंडाला धरून उठवलं. एवढ्या उन्हात तिचा हात गार होता. आणि वास आला, ओल्या मडक्याचा. तेव्हा मला तो छान वाटला होता. कळशी परत टाकीत रिकामी केली आणि आम्ही निघालो. दशरथकाका कठड्याला न टेकता तसेच उभे होते. म्हणाले, "अर्ध्यात उठवलंत."

दुसऱ्या दिवशी वैष्णवीच्या बाकावर तिची पाण्याची बाटली दिवसभर भरलेलीच होती. मी पाहिलं, पण तपासणीचे कागद भरायचे होते. तिसऱ्या दिवशीही बाटली तशीच. मुलगी बोलत नव्हती. ओठांना भेगा पडलेल्या. मी बाटली उघडून पुढे केली तर तिनं दोन्ही हातांची ओंजळ धरली. मी ओतलं. बोटं घट्ट मिटलेली होती, आपण मिटतो तशी नाही, विटा रचल्यासारखी. तरी पाणी खाली गेलं. ओंजळीत थेंब राहिला नाही. बाकाखाली थारोळं झालं आणि मुलं हसली. वैष्णवीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या मागे पाहिलं.

"तुम्ही नाही," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ती आली नाही. पाचव्या दिवशी दुपारी तिच्या आईचा, शर्मिलाताईंचा फोन. "मॅडम, तुम्ही येऊ शकता का? आत्ता?"

त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, त्यांच्याच पूर्वीच्या शेतावर बांधलेल्या टॉवरमध्ये. दारात शर्मिलाताई उभ्या होत्या, केस न विंचरलेले. आदल्या दिवशी दवाखान्यात सलाईन लावून सकाळीच घरी आणलं होतं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टरांनी समुपदेशकाचा नंबर दिला होता. "पाणी गिळतच नाही हो. चमच्यानं घातलं तर दात मिटते. ओंजळीत घातलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "काल रात्री सलाईनची सुई आपोआप बाहेर आली. नर्स म्हणाली मुलीनं ओढली. मी समोर बसले होते, मॅडम. तिचे हात असे होते." त्यांनी ओंजळ करून दाखवली.

वैष्णवी बाल्कनीत फरशीवर बसली होती. गुडघे जवळ घेतलेले, ओंजळ पुढे. गजांतून खाली बारव दिसत होती, काळ्या चौकोनासारखी, आणि बाजूला दगड, एवढासा. तिची नजर तिथेच होती.

"वैष्णवी, मी आलेय गं. चैताली मॅडम."

"थांब म्हणालेत," ती हळू म्हणाली. आवाज तिचाच होता. "येतो म्हणालेत."

मी तिथून धावत विहारात गेले. तेजस आजोबांजवळ बसला होता. मला पाहताच उभा राहिला. "मॅडम, मी ओतू का आता? मी तेव्हाच ओतणार होतो."

"तू बस," दशरथकाका त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "माझा नातू का ओतेल? त्याचं काय राहिलंय तिथे?"

"काका, त्या दिवशी तुम्ही काय सांगणार होतात?"

"आज वेळ आहे?"

मी मान खाली घातली. त्यांनी सांगितलं, थोडक्यात नाही. त्यांच्या वडिलांची मोठी बहीण, सोना. अकरा वर्षांची. दुष्काळाचं साल. घरी आई आजारी, म्हणून घागर घेऊन ती गेली. सकाळी जाऊन दगडावर बसली. त्या दिवशी आप्पासाहेबांच्या घरी लग्न होतं, त्यांच्या वडिलांचं. बारवेवर येणं-जाणं खूप. मांडवासाठी पाणी जात होतं, घोड्यांसाठी जात होतं. जो तो तिला म्हणायचा, थांब, येतो. दुपार झाली. इतर बाया कंटाळून ओढ्याकडे गेल्या. ती उठली नाही, नंबर जाईल म्हणून. दिवेलागणीला घरचे शोधत आले तेव्हा ती बसलेलीच होती.

"ओंजळ तशीच होती," काका म्हणाले. "हात सोडवावे लागले."

पंखा फिरत होता. तेजस आजोबांच्या शर्टाची बाही धरून बसला होता.

"काका... 'थांब, येतो' हे शब्द मला तुम्ही सांगितले नव्हते. मी असंच लिहिलं."

"असंच," ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी बराच वेळ पुसला. "आणखी एक ऐका, मग वर जा. आप्पासाहेबांच्या घरात लग्न असलं की हळदीच्या आधी पहिली कळशी त्या दगडावर उपडी करतात. अजूनही. कशासाठी ते विचारा त्यांना. मी विचारून उपयोग नाही, मी विषय काढला की ते चहा विचारतात."

परत वर गेले तेव्हा आप्पासाहेब दिवाणखान्यात बसले होते. अठ्ठ्याहत्तरीचे, पांढराशुभ्र सदरा, हातात काठी. मी काही बोलायच्या आत तेच बोलले.

"नाटक केलंसा म्हनं. माझ्या नातीला थितं बसवलंसा. कुनाला इचारून?"

"तुम्हाला विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"म्हंजी ठावं व्हतं."

माझ्या सगळ्या शिक्षणात मला इतकं सरळ कोणी पकडलं नव्हतं. तरी मी म्हणाले, "आप्पासाहेब, चूक माझी आहे. नंतर मला काय बोलायचं ते बोला. पण आत्ता चला. कठड्यावरून तिच्या ओंजळीत तुम्ही पाणी घाला."

"त्यो बसायचा दगड हाय. म्हातारीकोतारी टेकायची. ह्ये बाकीचं समदं आता आता लोकांनी काढलंय."

"मग तुमच्या घरात हळदीआधी पहिली कळशी तिथे का उपडी करतात?"

त्यांची काठी फरशीवर थांबली. "त्यो देवीचा मान हाय."

"देवी आत आहे, आप्पासाहेब. दगड बाहेर आहे."

शर्मिलाताई सासऱ्यांकडे पाहत उभ्या होत्या. खाली कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. आणि बाल्कनीतून वैष्णवीनं विचारलं, अगदी सहज, शाळा सुटली का असं विचारावं तसं...

"दिवे लागले का?"

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. पडला म्हणजे खरंच, गालांची कातडी सैल झाली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "ह्ये हिला कुनी सांगितलं?"

"काय, आप्पा?"

"माझी आई... नवरी म्हनून त्या दिशी गावात आली. वरात बारवंवरनं गेली. मेन्यातनं तिनं आइकलं. दगडावरची पोरगी येनाऱ्या-जानाऱ्याला इचारत व्हती. दिवे लागले का... दिवे लागले का..." त्यांनी हात तोंडावर ठेवला. "मरायच्या आदल्या दिशी आई मला ह्येच इचारत व्हती. म्या म्हनलं, न्हाई आई, आजून उजेड हाय. कुनालाच सांगितलं न्हाई म्या ह्ये. कुनालाच."

बाल्कनीतून पुन्हा. "आजोबा, दिवे लागले का?"

ते उठले. काठी विसरून उठले.

साडेपाच वाजले होते. ऊन टॉवरच्या मागे गेलं होतं. शर्मिलाताईंनी मुलीला कडेवर घेतलं, अकरा वर्षांच्या मुलीला, आणि ती इतकी हलकी झाली होती की त्यांना जड गेलं नाही. दगडावर ठेवलं तशी वैष्णवी नीट बसली, ओंजळ पुढे केली. रिक्षावाल्यांपैकी दोघं-तिघं उठून बसले. पलीकडच्या फुटपाथवर दशरथकाका आणि तेजस उभे होते.

"काका, या ना इकडे," मी हाक मारली.

"मी पाहायला आलोय," ते म्हणाले. "इथूनच बरं दिसतं."

बारवेचं पाणी हिरवं. म्हणून घरून नळाचं पाणी आणलं होतं, खडकवासल्याचं, तांब्याच्या कळशीत. मी आप्पासाहेबांना हात देऊन कठड्यावर चढवलं. त्यांनी कळशी कलती केली. धार ओंजळीत पडली.

आणि ओंजळ भरली.

पाणी हललं, त्यात वरचं आभाळ दिसलं. वैष्णवीनं तोंड लावलं. ती प्यायली. पुन्हा धरली, पुन्हा प्यायली. तिच्या गळ्याचा गटगट आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. शर्मिलाताई रस्त्यावरच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. वैष्णवीनं ओंजळ सोडली, हात फ्रॉकला पुसले आणि दगडावरून उठली. आमची नेहमीची वैष्णवी. आप्पासाहेबांनी कळशी सरळ केली.

"थांबू नका ना आजोबा," ती म्हणाली.

"आगं, झालं न्हवं बाळा?"

"माझं झालं." ती दगडाच्या बाजूला सरकून उभी राहिली, कोणाला तरी जागा द्यावी तशी. "मागे आहेत."

आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा कळशी कलती केली. धार खाली आली. माझ्या डोळ्यांनी मी पाहिलं, दगडाच्या वर दोन वितींपर्यंत ती धार होती. त्याच्या खाली नव्हती. दगड कोरडा. खळग्यातली धूळसुद्धा तशीच होती, मुंगी चालत होती तिच्यातून. आणि तो आवाज मात्र येत राहिला. गटगट... गटगट... वैष्णवी तर बाजूला उभी होती, तोंड मिटून.

ओल्या मडक्याचा वास दाट झाला होता. एका मडक्याचा नाही. कुंभाराच्या वखारीत शिरल्यासारखा.

पलीकडच्या फुटपाथवर दशरथकाकांनी चपला काढल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, मोठ्यानं नाही, "पोरी... पहिली कोण होती गं?"

"माझ्याएवढी," वैष्णवी म्हणाली.

काकांनी मान हलवली. तेजसचा हात धरला आणि अनवाणीच घराकडे वळले. चपला तिथेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी तेजस त्या न्यायला आला.

त्यानंतर आप्पासाहेब रोज साडेपाचला येऊ लागले. दोन कळशा, कधी तीन. मुलगा म्हणाला, आप्पा, लोक हसतात. हसायचेच. स्टँडवरचा एक रिक्षावाला मला म्हणाला होता, "घाला, घाला पाणी. उगवेल तिथे एखादा टू बीएचके." पुढे तोही गप्प झाला. एकदा आप्पासाहेबांची धार चालू असताना तो जवळून पाहायला आला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यानं रिक्षा स्टँडच्या दुसऱ्या टोकाला लावायला सुरुवात केली.

मी एकदा स्वतः ओतून पाहिलं. आप्पासाहेबांना ताप होता तेव्हा. आमच्या घरात जात मानत नाहीत, हे मी कॉलेजात अभिमानानं सांगत असे. तशाच अभिमानानं कठड्यावर चढले. पाणी सरळ दगडावर पडलं, खळगा भरला, बाजूनं वाहून गेलं. दशरथकाकांना सांगितलं तर म्हणाले, "तुमच्या हातचं कोण कशाला घेईल? तुम्ही थांब म्हणाला होतात का त्यांना?" मग थोडं थांबून, "वैष्णवीला मात्र म्हणाला होतात."

"किती जण असतील, काका?"

"मोजतंय कोण. तुम्ही पहिल्याच विचारणाऱ्या."

हे सगळं वर्षभर चाललं. या महिन्यात आप्पासाहेब बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्यांनी निरोप पाठवला तो मुलाला नाही, नातीला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वैष्णवी माझ्याकडे आली.

"मॅडम, आजपासून मी ओतायचंय. तुम्ही सोबत याल? आई कामावर असते."

गेल्या सोमवारचीच गोष्ट. ती कठड्यावर उभी होती, तांब्याची कळशी दोन्ही हातांनी धरून. मी खाली, रस्ता आणि दगड यांच्या मध्ये, तिचं दप्तर सांभाळत. तिनं कळशी कलती केली. पाणी दगडावर पडलं. खळगा भरला, दगड काळा झाला, ओघळ माझ्या चपलांपर्यंत आला. मी खाली पाहत राहिले. पूर्ण ओला होता दगड. ओला! माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. एक वर्ष झालं होतं.

"वैष्णवी," मी म्हणाले, "संपलं गं बहुतेक. बघ, दगड ओला झाला. सगळ्यांचं झालं."

तिनं कळशी सरळ केली. माझ्या डोक्यावरून तिनं मागे पाहिलं, स्टँडच्या पलीकडे, आळंदी रस्त्याच्या वळणापर्यंत. चांगलं दोन-तीन मिनिटं पाहिलं. एखादी मोठी बाई गर्दीकडे पाहते तसं.

"नाही संपलं, मॅडम."

"मग... आज कोणी का घेत नाही?"

"तुम्ही मध्ये उभ्या आहात ना." ती कोणाला लागू नये अशा आवाजात बोलली. "त्या थांबल्यात. तुम्हाला शिवायचं नाही म्हणून."

मी बाजूला झाले. दोन पावलं, उजव्या हाताला, भिंतीला पाठ लागेपर्यंत. समोरची वाट मोकळी होती. उन्हात तापलेलं डांबर, एक चुरगळलेला कागदी कप. वारा नव्हता. तो कप हळूच कलंडला आणि कडेला सरकला.

वैष्णवीनं कळशी पुन्हा कलती केली.

ओला दगड माझ्या डोळ्यांदेखत सुकत गेला. आणि धार खाली पोचली नाही.